दोन रात्रींची काशी: फोनवर आखा, पण फोनशिवाय चालेल अशी

घरात ट्रिप ठरली की तिकिटं कोण काढणार, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. ज्याच्या हातात बरा फोन, तो घरचा ट्रॅव्हल एजंट. आमच्या घरी तो मान माझा. आई, बाबा आणि आजीला घेऊन वाराणसीला जायचं ठरलं, तेव्हा तिकिटं, हॉटेल, पैसे, नकाशा, ओळखपत्रं असं सगळं माझ्या एकाच फोनमध्ये जमा होत गेलं. सॉफ्टवेअरच्या कामात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. एक वस्तू बंद पडली की सगळी सिस्टिम ठप्प.

आणि काशीत ती वस्तू बंद पडतेच. बिघडून नव्हे, नियमाने. काशी विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे जिथे गर्दी सगळ्यात जास्त आणि घरची मोठी माणसं सोबत, नेमकं तिथेच नकाशा, यूपीआय आणि एकमेकांना फोन करायची सोय या तिन्ही गोष्टी एकदम जातात. म्हणून या ट्रिपचं सूत्र एकच: आखणी पूर्ण फोनवर करा, पण आखलेली ट्रिप फोनशिवायही चालली पाहिजे. ते कसं करायचं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

१. कधी जायचं: तारखेआधी नदी आणि सूर्य बघा

ऑक्टोबर ते मार्च हा काळ फिरायला सोयीचा. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुकं पडतं आणि गाड्या उशिरा धावतात. त्या दिवसांत परतीच्या गाडीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस किंवा परीक्षा ठेवू नका.

पावसाळ्यात गंगा चढते, घाटांच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी फार वाढलं की नावा बंद होतात. अशा वेळी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर काठाने चालत जाता येत नाही, गल्ल्यांमधून वळसा घालावा लागतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप टाकून ठेवा. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. ॲपमधला आकडा त्याच्या किती जवळ आहे, ते पाहून नावेचा बेत ठरवा.

दुसरी गोष्ट सूर्योदयाची. संपूर्ण भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. वाराणसी साधारण ८३ अंशांवर आहे, मुंबई ७३ अंशांच्या जवळ. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे काशीत सूर्य सरासरी ४० मिनिटं आधी उगवतो. उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो, थंडीत कमी होतो. त्यामुळे ‘सहाला उठू आणि सूर्योदय बघू’ हे मुंबई-पुण्याचं गणित तिथे चालत नाही. फोनच्या हवामान ॲपमध्ये वाराणसी टाका, सूर्योदयाची वेळ बघा आणि त्याच्या पाऊण तास आधीचा अलार्म लावा. घाट नदीच्या पश्चिम काठावर आहेत आणि तोंड पूर्वेला, त्यामुळे सूर्य थेट समोरच्या काठावर उगवतो.

२. ‘वाराणसी’ म्हणजे नेमकं कुठलं स्टेशन?

ॲपमध्ये ‘वाराणसी’ टाइप केलं की बरीच नावं येतात. यातली तीन लक्षात ठेवा:

- वाराणसी जंक्शन, कोड बीएसबी. स्थानिक लोक याला ‘कॅन्ट’ म्हणतात. रिक्षावाल्याशी बोलताना हाच शब्द वापरा.
- बनारस, कोड बीएसबीएस. हे पूर्वीचं मंडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललं. जुने ब्लॉग वाचून गोंधळू नका.
- पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, कोड डीडीयू. म्हणजेच पूर्वीचं मुगलसराय, २०१८ पासून नवं नाव. हे गंगेच्या पलीकडे, शहरापासून साधारण १५ ते २० किलोमीटरवर आहे.

तिसरं नाव महत्त्वाचं. मुंबईहून पाटणा, हावड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या वाराणसीत येतच नाहीत, पण डीडीयूला थांबतात. थेट गाडीला वेटिंग असेल तर ‘मुंबई ते डीडीयू’ असा शोध घ्या आणि पुढे टॅक्सी किंवा रिक्षा धरा. मुंबईहून थेट जायचं तर महानगरी आणि कामायनी या जुन्या गाड्या आहेत. प्रवास २४ तासांहून जास्त आहे, तो तीन दिवसांच्या हिशोबात धरू नका. विमानाने गेलात तर बाबतपूरचं लाल बहादूर शास्त्री विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

३. तिकीट: चार नियम, जे कळले की धावपळ वाचते

पहिला: रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं. बाबांच्या डोक्यात अजून चार महिनेच असतील, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरा: तत्काळ तिकीट आदल्या दिवशी मिळतं. एसीसाठी सकाळी १० वाजता, नॉन-एसीसाठी ११ वाजता. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं असावं लागतं. ही पडताळणी आधीच करून ठेवा. दहाला पाच मिनिटं असताना ओटीपीची वाट बघत बसू नका.

तिसरा, आणि घरातल्या मोठ्यांसाठी सगळ्यात उपयोगाचा: बुकिंगच्या पानावर कोट्याच्या यादीत ‘लोअर बर्थ / सीनियर सिटिझन’ असा पर्याय असतो. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी त्यात खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. अट अशी की त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत आणि दोघंही या वयात बसणारे हवेत. चौघांचं एकत्र तिकीट काढलं की हा कोटा लागूच होत नाही. म्हणून मी आई आणि आजीचं तिकीट वेगळं काढलं, बाबांचं आणि माझं वेगळं. डबा एकच मिळेल याची खात्री नसते, पण आजीला मधल्या बर्थवर चढवण्यापेक्षा ते परवडलं.

चौथा: वेटिंग सगळी सारखी नसते. जीएनडब्ल्यूएल ही मुख्य यादी, ती बहुधा गाडी सुटते त्या स्टेशनाच्या बाजूने निघालेल्यांना मिळते आणि कन्फर्म व्हायची शक्यता तिचीच जास्त. आरएलडब्ल्यूएल ही मधल्या स्टेशनांची आणि पीक्यूडब्ल्यूएल ही अनेक छोट्या स्टेशनांची मिळून, या दोन्ही हळू सरकतात. चार्ट लागल्यावरही ई-तिकीट पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढायचं नाही.

तिकीट निघालं की पीएनआरचे १० आकडे आणि डबा-बर्थ एका कागदावर लिहा. तो कागद पुढे लागणार आहे.

४. राहणं आणि दर्शन: पत्ता उजवीकडून वाचा

तीर्थक्षेत्राच्या नावाने खोट्या बुकिंग साइट काढणं हा आता मोठा धंदा झालाय. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. हुबेहूब दिसणारी साइट, सर्चमध्ये वर येणारी जाहिरात, व्हॉट्सॲपवर लावलेला देवळाचा फोटो आणि ‘आत्ता ॲडव्हान्स टाका, दोनच खोल्या उरल्यात’ असा मेसेज. यात फसतात ते बहुतेक वेळा श्रद्धेने जाणारे, मोठ्या वयाचे लोक.

साइट खरी की खोटी हे ओळखायची युक्ती: पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. खरा मालक शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत असतो. सुरुवातीला ‘काशी’, ‘विश्वनाथ’, ‘ऑफिशियल’ असं काहीही लिहिता येतं, त्याला किंमत नाही. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. ‘डॉट ओआरजी’ मात्र कुणीही विकत घेऊ शकतो. काशी विश्वनाथ मंदिर न्यासाची अधिकृत साइटही ‘डॉट ओआरजी’चीच आहे, म्हणून इथे नुसता शेवट बघून भागत नाही. सर्चमधल्या ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या लिंकवर जाऊ नका. उत्तर प्रदेश पर्यटन किंवा वाराणसी जिल्हा प्रशासनाच्या सरकारी साइटवरून शोध सुरू करा. पैसे देऊन लवकर दर्शन घ्यायची ‘सुगम दर्शन’ ही सोय न्यासाच्या साइटवरच बुक करा, दलालाकडून नाही.

धर्मशाळा किंवा भक्तनिवासाचा नंबर नकाशावर दिसला, तरी तो एका दुसऱ्या ठिकाणाहून पडताळून घ्या, कारण नकाशावरची माहिती बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतो. ‘रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ते परत मिळायची आशा असते.

हॉटेल निवडताना अजून एक: घाटाजवळच्या बऱ्याच जागा अशा गल्लीत आहेत जिथे रिक्षा जात नाही. नकाशावर मोठ्या रस्त्यापासून हॉटेलपर्यंत बोटाने अंतर मोजा आणि हॉटेलवाल्याला थेट विचारा: गाडी कुठपर्यंत येते? पायऱ्या किती? लिफ्ट आहे का? नकाशा अंतर सांगतो, पायऱ्या सांगत नाही. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर ‘गंगा व्ह्यू’पेक्षा रस्त्याला लागून असलेली खोली बरी.

५. गल्लीत निळा ठिपका का भरकटतो?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल ऐकतो आणि निदान चार उपग्रहांपासूनच्या अंतरावरून आपली जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची असते. पण काशीच्या जुन्या गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंची घरं उंच. सिग्नल सरळ न येता भिंतींवर आपटून येतो, त्याला लागलेला जास्तीचा वेळ फोनला जास्तीचं अंतर वाटतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ जेवढं मोठं, तेवढा फोन स्वतःच साशंक आहे असं समजा.

यावर उपाय:

- घरच्या वायफायवर गुगल मॅप्समध्ये वाराणसीचा भाग ऑफलाइन उतरवून घ्या. मात्र चालण्याचा मार्ग त्यात ऑफलाइन मिळेलच असं धरू नका. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ सोबत ठेवा, ते पायी मार्गही ऑफलाइन दाखवतं.
- हॉटेल, गोदौलिया चौक, दशाश्वमेध घाट आणि अस्सी घाट या चार जागा सेव्ह करा.
- ठिपका भरकटला की नदीकडे निघा. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि घाट एका ओळीत आहेत. नदीकडे तोंड केलं की अस्सी उजव्या हाताला, मणिकर्णिका आणि पंचगंगा डाव्या हाताला, हे दशाश्वमेधला उभं राहून पक्कं लक्षात ठेवा. प्रत्येक घाटावर नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. हा नकाशा कधी हँग होत नाही.

आरतीच्या वेळी आणखी एक अनुभव येतो: सिग्नलच्या दांड्या पूर्ण, पण पेज उघडत नाही. दांड्या फक्त टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतोय ते सांगतात, त्या टॉवरवर किती जण लटकलेत ते नाही. अशा वेळी व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशनही अडकतं, साधा एसएमएस मात्र बऱ्याचदा जातो. घरातल्या दोन फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या.

६. पैसे: तीन ठिकाणी, तीन प्रकारचे

चहावाल्यापासून नाववाल्यापर्यंत क्यूआर कोड दिसतो. पण नेटवर्क किंवा बँकेचा सर्व्हर अडला तर सगळ्यांसमोर फोन हलवत उभं राहावं लागतं. म्हणून:

- यूपीआय लाइट सुरू करा. यात पैसे आधीच फोनमधल्या छोट्या वॉलेटमध्ये काढून ठेवलेले असतात, म्हणून प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरला विचारावं लागत नाही. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, वॉलेटमध्ये एकूण ५,००० रुपयांपर्यंत. याला पिन लागत नाही, म्हणून ॲपला लॉक हवाच.
- इंटरनेट नसेल तर साध्या डायलपॅडवरून स्टार ९९ हॅश ही बँकिंगची सोय आहे. निघण्याआधी घरी एकदा वापरून बघा.
- रोख रक्कम दोघांच्या खिशात वाटून ठेवा, सुट्ट्या नोटांत. नाव, रिक्षा, पूजा, यांचे पैसे आधी बोलून घ्या.

७. फोन लॉकरमध्ये जाण्याआधी

हा या ट्रिपचा खरा कस. मोबाइल, स्मार्टवॉच, पॉवर बँक, बॅग, सगळं बाहेर ठेवावं लागतं. शक्य असेल तर ते हॉटेलच्या खोलीतच ठेवून जा. लॉकर वापरणार असाल तर आधी एवढं करा.

लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर लपवा. नाहीतर फोन लॉक असूनही आलेला ओटीपी बाहेरून वाचता येतो. मग सिमला पिन लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी चालणार नाही. तीनदा पिन चुकला की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो, म्हणून पिन घरी नोंदवून ठेवा. शेवटी फोन पूर्ण बंद करा.

आता कागद. आम्ही चौघांच्या खिशात एकेक कार्ड ठेवलं होतं. हिंदीत लिहिलेलं, मोठ्या अक्षरात:

- हॉटेलचं नाव आणि जवळची मोठी खूण
- घरातले दोन मोबाइल नंबर
- आपण आत गेलो त्या गेटचा क्रमांक आणि लॉकर कुठे आहे
- भेटायची जागा आणि ‘चुकामूक झाली तर इथेच थांबायचं, शोधायला जायचं नाही’

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. दोघंही एकमेकांना शोधत फिरले तर भेट व्हायला वेळ लागतो, एक जण थांबला तर लगेच होते. मंदिराला अनेक प्रवेशद्वारं आहेत. गर्दीत तुम्ही वेगळ्याच बाजूने बाहेर पडू शकता, आणि डिसेंबर २०२१ मध्ये खुला झालेला कॉरिडॉर थेट गंगेपर्यंत जातो. दर्शनानंतर आई आणि आजी आमच्या मागे राहिल्या, दिसेनाशा झाल्या. आम्ही ठरलेल्या जागी उभे राहिलो. थोड्या वेळाने आजी एका पोलिसाला कार्ड दाखवत येताना दिसली. तिला फोन लावता येत नाही, पण कार्ड दाखवता येतं.

ओळखपत्रासाठी ‘मास्क्ड आधार’ची छापील प्रत ठेवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष.

८. दोन रात्रींचा आराखडा

पहिला दिवस: पोहोचा, विश्रांती घ्या. संध्याकाळी दशाश्वमेधची गंगा आरती. गोदौलियाच्या पुढे गर्दीच्या वेळी गाड्या सोडत नाहीत, थोडं चालावं लागेल.

दुसरा दिवस: पहाटे अस्सी घाट, ‘सुबह-ए-बनारस’ आणि तिथून नाव. लाइफ जॅकेट मागून घाला. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर अंत्यसंस्कार चालू असतात, तिथे कॅमेरा खाली. नंतर विश्वनाथ दर्शन. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं. दुपारी आराम. संध्याकाळी काठाने चालताना मराठी नावं शोधा: अहिल्याबाई घाट, सिंदिया घाट, भोसले घाट. दशाश्वमेधच्या शेजारी मानमंदिरावर सवाई जयसिंहांची १८व्या शतकातली वेधशाळा आहे, तीही बघा.

तिसरा दिवस: सारनाथ, सुमारे १० किलोमीटर. गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला ती जागा. धमेख स्तूप आणि आपल्या राजमुद्रेचं मूळ असलेलं सिंहशीर्ष इथे आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तारखा ठरवताना हे बघा.

९. निघण्याआधीची टेस्ट

कुठलाही कोड आम्ही टेस्ट न करता सोडत नाही. ट्रिपलाही तोच नियम. आदल्या रात्री घरी फोन विमान मोडवर टाका आणि स्वतःला पाच प्रश्न विचारा:

- तिकिटाचा पीएनआर आणि बर्थ सांगता येतो का?
- हॉटेलचा पत्ता रिक्षावाल्याला दाखवता येतो का?
- नकाशा उघडतो का?
- आजच्या दिवसाचा खर्च रोखीत भागेल का?
- घरातलं सगळ्यात मोठं माणूस एकटं पडलं, तर पुढे काय करायचं हे त्याला माहीत आहे का?

पाचही उत्तरं ‘हो’ आली की बॅगेची चेन लावा. एखादं ‘नाही’ आलं तर रात्र अजून हातात आहे, कागद आणि पेन घ्या. पाचवं उत्तर मात्र स्वतः देऊ नका, त्या माणसालाच विचारा.